बाईंची पद्धत

आई,

तुझा फोटो अजून तिथेच आहे. मुख्याध्यापिकांच्या खोलीत, कपाटाच्या वर, चंदनी हार घातलेला. तो हार तुझ्या पहिल्या पुण्यतिथीला मीच घातला होता, आणि त्या दिवशी शाळेतले सगळे तुझ्याबद्दल इतकं भरभरून बोलले की मला रडू आवरेना. या जूनमध्ये मी त्याच फोटोखाली खुर्चीवर बसले होते. शेजारी माझी लेक मान खाली घालून, समोर मुख्याध्यापिका. त्यांना तू चांगलं ओळखतेस, तुझ्याच हाताखाली तयार झालेल्या. फळ्यावर सरळ ओळ कशी लिहायची तेही तुम्हीच शिकवलंत, असं त्या अजून फोटोकडे हात करून सांगतात. त्यांनी टेबलाचा खण उघडला, आतून एक राखी काढून पुढ्यात ठेवली आणि हसून म्हणाल्या, "घाबरू नका ताई. मी काही नवीन करत नाहीये. ही तुमच्या आईंचीच पद्धत."

सण दोन महिने लांब होता. पण तुझ्याही खणात बारा महिने एखादी राखी पडलेली असायची, नाही का? मला आठवते आहे. मी सातवीत आहे, मराठीचा तास चालू आहे, आणि शिपाईमामा येऊन सांगतात की बाईंनी बोलावलंय. मी धावत जाते. शिक्षकांच्या खोलीचं दार तू आतून लावून घेतेस आणि माझ्या हातात ताम्हण देतेस. निरांजन, कुंकू, अक्षता, वाटीत दोन पेढे. दहावीतल्या दोन मुली सतरंजीवर बसल्यात, लाल रिबिनी, वर बांधलेल्या वेण्या. प्रयोगशाळेच्या मागे दोघी हातात हात घालून बसलेल्या कुणाला तरी दिसल्या होत्या, आणि नुसत्या बसल्या नव्हत्या, असं कुजबुजत सांगितलं गेलं होतं. "मुलीनं मुलीला राखी?" असं खोलीतल्या कुणीतरी विचारलं. तू राखीचा धागा उलगडत म्हणालीस, "धाग्याला काय कळतं कोण कुणाला बांधतंय ते." एकीनं बांधली. दुसरीचा हात इतका थरथरत होता की तुला मनगट धरावं लागलं. मग तू दोघींना आपल्या हातानं पेढा भरवलास, पाठीवरून हात फिरवलास आणि म्हणालीस, आजपासून सख्ख्या बहिणी.

संध्याकाळी घरी कणीक तिंबताना तू बाबांना सगळं सांगितलंस. दुसऱ्या शाळेत असत्या तर दाखला हातात ठेवून बाहेर काढलं असतं, आईबापांनी लग्नं लावून टाकली असती. इथं ना दाखला, ना बोभाटा. "साप मेला आणि काठीही मोडली नाही," म्हणालीस. बाबा म्हणाले, तुला शिक्षणमंत्रीच करायला पाहिजे. आपण तिघंही हसलो. मग मी विचारलं, की त्या दोघी तिथं करत तरी काय होत्या? तू लाटणं पोळपाटावर आपटलंस. "चांगल्या घरातल्या मुली असलं विचारत नाहीत." त्यानंतर मी काहीच विचारलं नाही, तुला नाही, कुणालाच नाही. पण आज विचारते. साप कोण होतं गं? त्या सतरंजीवर दोन पोरी होत्या आणि तू होतीस. साप म्हणावं असं त्या खोलीत काय होतं?

तू दुष्ट असतीस तर माझं काम सोपं होतं. दुष्ट माणसावर राग धरता येतो, चार शिव्या घालता येतात. पेढा भरवणाऱ्या माणसाचं काय करायचं?

माझ्या लेकीनं मला सांगितलं तेही स्वयंपाकघरातच. आपल्या घरात सगळी वादळं ओट्यापाशीच का येतात कोण जाणे. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, मला मुलं आवडत नाहीत. मुली आवडतात. म्हणजे तशा." आणि खरं सांगते, तुझं ते वाक्य, लाटण्यासकट, माझ्या जिभेवर आलं. चांगल्या घरातल्या मुली. मी ते गिळलं, एवढंच एक शहाणपण केलं. जुडी संपेपर्यंत आम्ही दोघी निवडत राहिलो. शेवटी मी म्हटलं, "देठं फार ठेवलीस." तिला आधी हसू आलं, मग रडू. तिच्या बाबांना आठवडा लागला. सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट करून येणारा माणूस, मुळात बोलणं कमी. रविवारी तिला मिसळ खायला घेऊन गेला आणि परत आल्यावर मला म्हणाला, "पोरगी तीच आहे गं. तर्री तेवढीच मागते."

पण शाळेला तर्रीशी काय देणंघेणं! बाकावर कोरलेली दोन नावं, कुणीतरी काढलेला फोटो, आणि झालं. म्हणून ती खोली आणि ती राखी. दुसऱ्या मुलीचे आईवडीलही आले होते. मखमलाबादकडे त्यांचा झेंडूचा मळा आहे. वडील फुलबाजारातून तसेच उठून आलेले, हातांना अजून झेंडूचा वास होता. राखी बघितल्यावर त्या माउलीचा जीव भांड्यात पडला. तिनं हातच जोडले. "बांधून टाका मॅडम. आत्ताच बांधा. लय उपकार व्हतील." मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही. त्यांना वाटलं मी ऐकलंच नाही, म्हणून त्यांनी राखी माझ्या लेकीपुढे सरकवली. ती पहिल्यांदाच मान वर करून बोलली, "ती माझी बहीण नाहीये." आवाज चढला नव्हता. आणि त्या दुसऱ्या पोरीनं पुढे केलेला हात हळूच मागे घेतला.

बाहेर व्हरांड्यात तिचे वडील माझ्याशी बोलले. रागानं नाही, थकून. "ताई, तुमचं बरोबर असंल. पन तुमी कॉलनीतले. आमाला गावात तोंड दाखवायचं हाय. हिला मामाकडं ठेवतो सटाण्याला, तिथं शाळा हाय." दुसऱ्याच दिवशी दाखला काढला. लेकीच्या बाकावरची शेजारची जागा तेव्हापासून रिकामी आहे. एकदा वह्यांना कव्हर घालताना तिनं मला विचारलं, "मी बांधली असती तर ती इथं असती ना?" मी म्हटलं, कात्री दे. आई, उत्तर मला माहीत होतं. बांधली असती तर दोघी आज एका बाकावर असत्या, सख्ख्या बहिणी म्हणून, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात. तुझी पद्धत चालते. तिच्याबद्दलची सगळ्यात वाईट गोष्ट तीच आहे.

मग पालकसभेत मी उभी राहिले. गणवेशाचा रंग आणि रिक्षावाल्यांची गर्दी हे विषय झाल्यावर. म्हटलं, या शाळेत समलिंगी मुलं आहेत, मुली आहेत, आधीही होत्या. त्यांना खोलीत बोलावून राख्या बांधायला लावू नका, दाखल्याची भीती घालू नका, आणि वर्गात कुणी कुणाला 'बायल्या' म्हटलं तर शिक्षकांनी हसू नये. तो शब्द, समलिंगी, त्या हॉलमध्ये मोठ्यानं उच्चारला गेला तो पहिल्यांदाच असावा. एक गृहस्थ म्हणाले, हे शाळेत बोलायचे विषय आहेत का? एक बाई म्हणाली, कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेताय, झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मग पहिल्या रांगेतून, अगदी प्रेमानं, "तुमच्या आईंना काय वाटलं असतं हो?" बघ, मरूनसुद्धा तू सभेला हजर होतीस, आणि माझ्या बाजूनं नव्हतीस. नंतर गाड्यांपाशी एक वडील हळूच जवळ आले. म्हणाले, "फार बरोबर बोललात. माझ्या मुलाला रोज बायल्या म्हणतात. पण माझं नाव कुठं घेऊ नका." नाव घेऊ नका म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यातला हा एक मात्र पुढच्या शनिवारी, मी मुख्याध्यापिकांना भेटायला निघाले तेव्हा, शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. गॉगल लावून आला होता, पण आला.

आणि त्याच आठवड्यात माझ्या दारात एक बाई आली. इंदिरानगरला तिचं फॉल-पिकोचं दुकान आहे, मुलगी आपल्याच शाळेत आठवीत. सभेला मागच्या रांगेत बसली होती म्हणाली. पाणी दिलं, ते प्यायली, आणि मग आपलं उजवं मनगट माझ्यापुढे धरून म्हणाली, "ओळखलंस? ताम्हण तुझ्या हातात होतं." ज्या मुलीचा हात थरथरत होता, ती. ती बराच वेळ बोलली. "बाई वाईट नव्हत्या गं," म्हणाली, आणि तिनंच तुझी बाजू घेतल्याचा मला जास्त संताप आला. मग म्हणाली, "त्यांनी भरवलेला पेढा मात्र मी गिळला नाही. घरापर्यंत गालात धरून नेला आणि मोरीत थुंकला." ती दुसरी आता सुरतेला असते. संसार आहे, मुलं आहेत. ही तिला दर वर्षी राखी पाठवते, तिचीही हिला येते. हिनं आपल्या नवऱ्याला सांगितलंय, शाळेतली मानलेली बहीण. तो म्हणतो, किती छान, हल्ली कोण इतकं जपतं! "पाकिटावर तिचं अक्षर असतं," ती म्हणाली. "वर्षातून एकदा मी ते नवऱ्यासमोर उघडपणे वाचू शकते. तेवढं बाईंनी दिलं." आणि हसली. असं हसणं मला पुन्हा बघायचं नाही.

शनिवारी ती आमच्याबरोबर आत आली. मुख्याध्यापिका नेहमीचं बोलू लागल्या, बाईंची पद्धत, मुलींचं हित, शाळेचं नाव. ही बाई तुझ्या फोटोखाली उभी राहून म्हणाली, "मॅडम, ती पद्धत म्हणजे मी. मला नीट बघून घ्या आणि मग सांगा, हित झालं का ते." गॉगलवाल्या वडिलांनी गॉगल काढला. मुख्याध्यापिकांनी खणातली राखी काढून पर्समध्ये टाकली. म्हणाल्या, लेखी काही देणार नाही, पण यापुढे कुणाला बांधायला लावणार नाही. तेवढंच मिळालं. माझ्या लेकीचा दाखलाही कुणी काढला नाही, आणि त्यात माझा पराक्रम काही नाही. बाईंच्या नातीला शाळेतून काढलं असं म्हणायचं धाडस तिथं कुणाला होत नाही. तुझ्या फोटोनं तिला वाचवलं. मखमलाबादच्या पोरीच्या आजीचा फोटो कुठल्याच कपाटावर नाही, म्हणून ती सटाण्याला गेली. या हिशेबाला तू काय म्हणाली असतीस, मला खरंच ऐकायचं होतं.

पत्र इथंच संपवणार होते. पण परवा राखीपौर्णिमा झाली आणि तेही लिहायला हवं. सटाण्याहून एक पाकीट आलं, लेकीच्या नावाचं. आत साधी राखी, लाल धागा, एक मणी. चिठ्ठी नाही. मामानं पाठवायला लावली, की तिची तिनं पाठवली, कळायला मार्ग नाही. लेक ती तळहातावर घेऊन बराच वेळ बसली. मला वाटलं फेकेल. ती ओट्यापाशी आली, मनगट पुढे केलं आणि म्हणाली, "बांध ना. एका हातानं येत नाही."

त्या पाकिटाचा अर्थ काय असू शकतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सुरतेची गोष्ट माझ्याच सोफ्यावर बसून मी ऐकली होती. मी गॅस बारीक केला, हात पुसले आणि बांधली. दोन वेढे, वर एक गाठ, तू बांधायचीस तशीच. तेवढ्यात शेजारच्या काकू साखर मागायला आल्या आणि त्यांनी विचारलं, अगं बाई, कुणाची राखी? मी काही बोलायच्या आत लेक म्हणाली, "मैत्रिणीची." नुसतं मैत्रिणीची. काकू साखर घेऊन गेल्या.

आई, हे तुला पोचणार नाही, आणि पोचणार नाही म्हणूनच लिहिते. लेकीला सांगायचं धाडस नाही, तिच्या बाबांनाही नाही, त्या दुकानवाल्या बाईला तर नाहीच नाही. गाठ मारताना मला हायसं वाटलं. क्षणभरच, पण अगदी आतून. आणि काकूंनी विचारलं तेव्हा माझ्या ओठांवर "मानलेल्या बहिणीची" हे शब्द तयार होते. लेकीनं आधी तोंड उघडलं म्हणून ते बाहेर पडले नाहीत.