झोपलेल्या पायाचं माप

११ जाने., रवि.
टायमिंग २.५३. परत तेच. महिनाभर तेच.
गेल्या पोलीस भरतीत ८०० मीटरला २.५८ लागली, धावण्याचे दोन गुण गेले आणि यादीतलं नाव एका गुणाने. २.५० च्या आत आलं तर पूर्ण गुण. वयाप्रमाणे माझी ही शेवटची भरती. नाही झालं तर जन्मभर बॅग खांद्याला लावून टॉवरवाल्यांची रक्तं गोळा करायची, तीही सर्व्हिस लिफ्टने जाऊन. लॅबमध्ये मला 'ब्लडवाली अश्विनी' म्हणतात. डोकं फिरतं.
आज तिसऱ्या राउंडला उजव्या बुटाचा सोल सुटला. (आपल्या मैदानाचे चार राउंड म्हणजे ८००.) प्राजक्ता स्टॉपवॉच धरून बसलेली, तिला हसू आवरेना. "अशे, हा बूट नाय, मगर आहे." तिची भरती गेल्या आठवड्यात झाली, म्हणून तिला हसायला सुचतं. हिचं नाव पुढे नुसतं प्रा. लिहिणार, एवढं मोठं नाव कोण लिहिणार.

१४ जाने., बुध.
संक्रांत. आईने तीळगूळ बांधून दिला, क्लायंटना वाटायला. एकाच आजोबांनी घेतला, बाकीच्यांना शुगर.
हॉल तिकीट आलं. १४ फेब्रु., सकाळी ६. बरोबर एक महिना.
बूट गोंदाने चिकटवले. टायमिंग घेतलं नाही. घ्यायची भीती वाटली.

१७ जाने., शनि.
कामावरून थेट दादर, प्रा. बरोबर. खेळाच्या सामानाचं दुकान. पन्नाशीचा माणूस, घाई नाही. मी स्टुलावर बसून पाय पुढे केला, पाच नंबर द्या म्हटलं. "बसून नाही मॅडम, उभ्या राहा. दोन्ही पायांवर सारखं वजन." पट्टीवर उभी केली. बसून पाच येतो, उभं राहून पावणेसहा! म्हणाला, वजन पडलं की पाऊल पसरतं, धावताना अजून. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवीच. सहाच घ्या.
म्हणजे इतकी वर्षं मी पाच नंबरात कोंबून धावत होते. कोणी सांगायचं आपल्याला? चाळीत नंबर म्हणजे मोठ्या बहिणीचा उतरलेला, तो आपला.
चार जोड घालून दुकानासमोरच्या फुटपाथवर धावले. पेरूवाला टोपली सावरत "ओ ताई, ओ ताई". चौथा जोड राखाडी, दिसायला अगदी भिकार. पण पाय घातला आणि पायाला काही कळलंच नाही. बूट असा असतो तर.
घेतला नाही. शनिवारी पादत्राणं घरात आणायची नाहीत, आईचा नियम. आणि पगार १ तारखेला. "ठेवतो बाजूला," म्हणाला. चांगला माणूस.

२६ जाने., सोम.
चाळीचा सत्यनारायण. लिहू की नको असं झालंय.
आरती झाली, मंडळाच्या नंदूकाकांनी माइक घेतला. "आपल्या चाळीची लेक १४ तारखेला पोलीस भरतीत धावणार आहे, मंडळातर्फे तिला छोटीशी भेट." शाल, नारळ आणि खोका. खोक्यात रनिंग शूज. गुलाबी, चकचकीत. टाळ्या. पोरं शिट्ट्या मारतायत. मला खरंच भरून आलं, खोटं कशाला लिहू.
मग आत बघितलं तर नंबर पाच.
काकांनी माइकवरच सांगितलं, "सरप्राइज ठेवायचं होतं, मग माप कसं मिळणार? माप दिलं आमच्या खोतभाऊंनी!" आणि बाबांना स्टेजवर ओढलं. बाबा लाजत आले. म्हणाले, रविवारी दुपारी ही निजलेली, दोऱ्याने पाऊल मोजलं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. तो दोरा खिशातून काढून सगळ्यांना दाखवला. "गिरणीत पंचवीस वर्षां साच्यावर काढलंय. सुताचो फरक पडाचो नाय."
परत टाळ्या. गिरणी बंद झाल्यापासून बाबांसाठी कोणी टाळ्या वाजवलेल्या मी पाहिल्या नाहीत. त्यांना साधा चाळीच्या नळाबद्दलही कोणी सल्ला विचारत नाही.
काका: "घालून दाखव गं!" घातले. अंगठा वाकवून घातले. माइक माझ्या तोंडाशी. मी म्हटलं, "अगदी मापात."
हे मी बोलले. मीच.
नंतर पूजेपाशी बाबांनी दोन्ही बुटांच्या टोकाला हळदकुंकू लावलं. आई ओरडली, "चपलेक कुंकू लावतंत काय खय?" बाबा म्हणाले, "चप्पल न्हय ती. तिचा हत्यार ता. गिरणीत दसऱ्याक साच्याक नाय लावीत होतंय मी?" भटजी हसले. कुंकू ओलं होतं, जाळीत मुरलं. आता जगातलं कुठलंही दुकान हे बदलून देणार नाही.

२७ जाने.
गुलाबी घालून धावले. २.५५. मैदानावर चाळीतली तिघं व्हिडिओ काढायला आलेली.

२९ जाने.
२.५७. उतारावर अंगठा पुढे आपटतो. प्रा. म्हणाली, तू लंगडतेयस. नाही म्हटलं. सगळ्यांना 'नाही' म्हणायचीच सवय लागली.

३१ जाने., शनि.
अंगठ्याचं नख निळं. संध्याकाळी काळं.
प्रा.: "बाबांना सांग. एवढंसं वाक्य आहे, माप लहान झालं. संपलं."
मी: "त्यांनी दोरा जपून ठेवलाय."
प्रा.: "मग धाव दोऱ्यावर."
तिच्यावर भडकले. उगाच. ती बरोबर बोलली म्हणूनच भडकले.
प्रॅक्टिस बंद. चौदा दिवस उरले आणि मी पाय वर करून बसलेय.

१ फेब्रु., रवि.
दादर. राखाडी जोड घेतला. दुकानदाराने नख पाहिलं, कात्रीने सरळ कापायला सांगितलं आणि जाड मोजे दिले. म्हणाला, दोन आठवडे आहेत ना, रोज घाला, नवे कोरे घालून टेस्टला जाऊ नका.
जोड प्रा.च्या घरी, लालबागला. तिच्या आईला सांगितलंय की माझ्या घरी जागा नाही. हे मात्र खरं आहे.

३ फेब्रु.
रोजचा तमाशा असा. घरातून गुलाबी घालून निघायचं. गॅलरीत बाबा उभे, खाली काका पेपर वाचत. "धाव, वाघिणी!" कोपरा वळला की लंगडायचं. प्रा. मैदानाच्या नळापाशी पिशवी घेऊन उभी. बदलायचे. धावायचे. परत बदलायचे. घरी.
आजपर्यंत कोणाचं काही चोरलं नाही. चोरासारखं काय वाटतं ते आता कळलं.

५ फेब्रु.
२.५१!! नख अजून ठणकतं, तरी. या बुटात टाच टेकते तिथे टेकते, इकडेतिकडे जात नाही. त्यामुळे शेवटच्या राउंडला दम उरतो.
घरी जाऊन ओरडून सांगावंसं वाटलं. सांगितलं. बाबांनी पायातल्या गुलाबी बुटांकडे बघून मान हलवली. तो आनंद बघवेना.

८ फेब्रु., रवि.
२.४९. प्रा.ने दोनदा घड्याळ दाखवलं. मी मैदानात बसून रडले. ती म्हणाली, रड, पण पाणी पी.

९ फेब्रु.
बाबा रोज संध्याकाळी गुलाबी बूट पुसतात. मला माहीतच नव्हतं, मी तेव्हा आंघोळीला असते. आज उशीर झाला तर दिसलं. ओल्या फडक्याने, दाराच्या उंबऱ्यात बसून. कुंकवाचा भाग सोडून पुसतात.
बूट उलटा केला आणि म्हणाले, "सोल झिजत कसो नाय गो? रोज चार राउंड मारतंस ना?"
मी म्हटलं, क्वालिटी चांगली आहे.
बाबा हं म्हणाले. त्यांचा हं मला ओळखू येतो. साच्यावर कापड उतरताना कुठेतरी धागा तुटलाय पण सापडत नाही, तेव्हा असं व्हायचं, ते स्वतःच सांगतात.

१० फेब्रु.
आज जे केलं ते इथे लिहिते, दुसरीकडे कुठे सांगू शकत नाही.
मैदानाच्या पायरीवर बसून गुलाबी बुटांचे सोल दगडावर घासले. दहा मिनिटं. टाचेकडे जास्त, पुढे कमी, खरं वाटावं म्हणून. प्रा. बघत उभी होती. पिशवी उचलली आणि पुढे चालायला लागली.
पोलिसात जायचंय मला.

१२ फेब्रु.
मंडळाच्या ग्रुपवर काकांनी सत्यनारायणाचा फोटो टाकला. मी, बाबा, बूट. खाली एकशेकितीतरी अंगठे. १४ ला काकांना कामावरून सुट्टी नाही, बाबा एकटे येणार सोबत. नियम आला: आत फक्त हॉल तिकीट आणि आधार. बॅग, फोन, सगळं बाहेर नातेवाइकाकडे.
म्हणजे बदलायचे ते गेटवर. बाबांसमोर.
गुलाबी घालूनच धावले तर? हिशोब केला. त्यात २.५७. नखासकट तीन मिनिटं. शेवटची भरती.
मग ठरवलं, उद्या सांगणार. नक्की.

१३ फेब्रु., शुक्र.
सांगितलं नाही.
जेवण लवकर झालं. आई भांडी घासत होती. बाबा खोबरेल तेल कोमट करून आले, पायाला लावून देतो म्हणाले. शाळेच्या शर्यतीआधी लावायचे तसं. "मोजे काढ."
मी म्हटलं, थंडी वाजते. फेब्रुवारीत. डिलाईल रोडला. पंखा चालू.
बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग खूप हळू विचारलं, "बूट चावत नाय मा?"
इतकी सोपी संधी देवानेही दिली नसती. तोंड उघडलं होतं मी. त्यांच्या हातातली तेलाची वाटी बघितली, आणि म्हटलं, "नाय ओ बाबा."
मोजे तसेच ठेवून नुसत्या पोटऱ्यांना तेल लावलं त्यांनी. घोट्याच्या खाली हात नेला नाही. का नेला नाही?
त्यांना कळलंय का? कळलं असेल तर विचारत का नाहीत सरळ? आणि कळलं नसेल तर

१४ फेब्रु., शनि. ५.२०, गेटच्या बाहेर, फुटपाथ
अक्षर वाकडं येतंय. पेन चालतंय तोवर लिहिते.
चाळ झोपेतून उठून गॅलरीत. आईने हातावर दही ठेवलं. काका दात घासता घासता ओरडले, टॉवेलवर. गुलाबी घालून निघाले. टॅक्सीत बाबा माझ्या शेजारी. राखाडी बॅगेत, प्लास्टिकच्या पिशवीत. माझ्या मांडीवर.
इथे दोनेकशे मुली. कोणी अनवाणी उड्या मारतेय, कोणी देवाचं नाव घेतेय. एकीचे बूट माझ्या मगरीसारखे.
बाबांना म्हटलं, चहा घेऊन या. ते रस्ता ओलांडून टपरीवर गेले. मी बूट बदलले. राखाडी पायात. लेस दोनदा बांधली.
गुलाबी जोड बाजूला ठेवलाय. लपवण्यासारखी जागा नाही इथे. आणि खरं सांगायचं तर आता लपवायचं नाही. एवढं लपवून मी आत जाऊन पळू शकणार नाही, पाय जड होतील. तोंडाने सांगायला गेले तर दोघंही रडू, आणि सहाला रिपोर्टिंग आहे.
ही वही बॅगेत ठेवायची होती. बाबांच्या हातात देतेय.

बाबा, २६ जानेवारीच्या पानापासून वाचा. मागचंही वाचलं तरी चालेल, पण प्रा.च्या आईला काही सांगू नका.
माप तुम्ही नीट घेतलं होतंत. मी झोपले होते, पायावर वजन नव्हतं, तेवढंच. पहिल्याच दिवशी बोलले असते तर दोन मिनिटांचं काम होतं. स्टेजवर तुमचा चेहरा बघितला आणि बोलवेना. मग रोज थोडं थोडं अवघड होत गेलं. सोल मी घासलेत. नख काळं आहे, आता दुखत नाही फारसं.
मला तुमची लाज वाटली असं समजू नका. तसं अजिबात नाही. रागवायचं असेल तर रागवा, मी बाहेर आल्यावर. काकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.
बाबा येतायत. दोन्ही हातांत ग्लास, गाड्या बघत बघत. अजून खाली बघितलेलं नाही.
बघितलं.