परसातली येळवस

ती. अंबिकाअक्का यांना,

सिंधुचा वाकून नमस्कार. थंडीनं तुमचे गुडघे कुरकुरत असतील. तिळाचं तेल कोमट करून लावत जा. इकडे लातुरात सगळे मजेत. तुमचे भाऊ तर इतके मजेत आहेत की कॉलनीतले लोक त्यांना दुरूनच हात जोडतात. कारण पुढे येईलच.

चाकूरचं शेत रस्त्यात गेलं तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "शेतच न्हाई तर कशाची येळवस? मी न्हाई यायची आता." तुमच्या सासरी अर्धापुरात ही वेळा अमावस्या करत नाहीत, आणि वर्षातून एकदा तुम्ही माहेरी यायचात ते याच सणाला. म्हणून मी ठरवलं, यंदाची येळवस आमच्या परसात. परस लहान आहे (तुम्ही त्याला मोरी म्हणाला होतात, मी मनावर घेतलं नाही), पण त्यात हरभरा आहे, मेथी आहे, वालाचा वेल आहे आणि भिंतीलगत ज्वारीची एक ओळ आहे. कडबा आणून पूजेची खोपटी, आपली कोप, मी स्वतः उभी केली. आत पूजेला पांडवांचे दगड हवेत, ते शेतातून कुठे गेले कोण जाणे. मग चार कुंड्या पालथ्या घालून चुन्यानं रंगवल्या. पाचव्याची सोय होती.

हरभरा, मेथी, वाल सगळं एकत्र शिजवून पातेलंभर भज्जी केली, माठभर आंबील. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायची आपली रीत, म्हणून फाटकाशी उभी राहिले, तर माणूस दिसेना. अक्का, येळवशीला अख्खं लातूर शेतावर जातं हे मला का माहीत नाही? पण मागे उरलेलं लातूर कसं दिसतं, हे बघायला आजवर घरी होतं कोण? शेवटी एक म्हैस आली. तिला भज्जी दाखवली, तिला कोप आवडली. (पूजा आधीच झाली होती, हे नशीब.)

मग आंबील शिंपडायचा फेरा. आपल्या शेताला फेरा घालताना तुमच्या भावाला धाप लागायची. परसाचा फेरा सुरू होण्याआधीच संपला. त्यांचं मन भरेना. माठ घेऊन निघाले आणि शेतात ओरडायची रीत तसे ओरडत ओरडत सबंध कॉलनीला शिंपून आले. संध्याकाळी लोक परतले तर दारं, फाटकं, स्कूटी, सगळ्यांवर आंबील वाळलेली. शेजारच्या नागुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "दादा, आता आमच्या फाटकाला कणसं कधी लागतेत, तेवढं सांगून ठेवा." मी लाजेनं भज्जीचं पातेलं पुढे केलं. भरल्या पोटीही सगळे बसले आणि पातेलं रिकामं करूनच उठले.

थोडक्यात, येळवस फार छान झाली. पुढच्या वर्षीही इथेच करणार.

तुमची,
सिंधु

ता. क. परसात एका केळीपुरती जागा आहे. अर्धापूरच्या केळीचा एक मुनवा लावायला पाठवाल का?

ता. क. दुसरा. मुनवा राहू द्या. तुमच्या लेकानं, सर्वेशनं, केळीबागेचा फोटो दाखवला. मागे झाडाच्या बुडाशी चुना लावलेले चार दगड आहेत, ते मी ओळखले. शेतावर यंत्रं येण्याआधी ते तुम्ही नेलेत हे कळलं आणि फार बरं वाटलं. पाचवा तुम्ही बांधाबांधानं शोधला असणार. तो आदल्याच दिवशी माझ्या पिशवीत आला होता. मला एकच उचलवला. बाकीचे न्यायला पुन्हा गेले तर जागा रिकामी. तेव्हा अक्का, पुढच्या येळवशीला चौघांना घेऊन स्वतः या. इथला भीम असावा, चांगलाच जड आहे, आणि कुंड्यांना भाऊ मानायला काही तयार नाही.