विसण

दौंड, बुधवार, मे १९७४

तीर्थस्वरूप हौसरावमामांस, ज्ञानदेवाचा साष्टांग नमस्कार.

आमच्या आळीच्या नळात गटाराचं पाणी शिरलं आहे, हे काल पक्कं झालं. पुण्याला पाठवलेल्या बाटलीत मैल्यातले जंतू निघाले, असं आरोग्य खात्याच्या साहेबांनी चौकात उभं राहून सांगितलं. (आळीतला चहाही त्यांनी घेतला नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? आम्ही अजून बरे आहोत. कागद पिवळट आहे, रागावू नका. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारलेला दिसतो.

महिन्यामागे आळीत पहिली कावीळ निघाली, तेव्हापासून झोप नाही. शनिवारी पोपटची हळद. नवरदेव झाला तरी धाकटा भाऊच तो, म्हणून रोज सकाळी उन्हात उभा करून त्याचे डोळे तपासतो. "दादा, दात बी बघा की, बैल घेताय जनू!" म्हणतो. त्याला हसू येतं. पण एकदा हळद लागली की शकुन कोणता आणि आजार कोणता, कसं ओळखायचं? शेजारच्या सरूबाईंचा राग तर टाकीत टाकलेल्या पावडरीवर. "दवाखान्याच्या वासाचं पानी कोन पितंय? आदीचं कसं ग्वाड हुतं!" गोड का होतं ते मी सांगितलं. तेव्हापासून बोलत नाहीत.

मी मात्र खबरदारीचा माणूस. महिनाभर पाणी खळखळा उकळूनच माठात भरतो. काल साहेबांना अभिमानाने सगळं करूनही दाखवलं. एवढं कढत पाणी माठात कधी निवायचं, म्हणून वरून दोन तांबे विसण घालतो, तेही घातलं. नळाचं. साहेबांनी माझे डोळे निरखून बघितले. मग हळूच म्हणाले, "जेवण जातं का?"

(जात नाही. मला वाटलं, लग्नाची काळजी.)

कळावे, लोभ आहेच.
ज्ञानदेव

ता. क. पत्र एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती देतो आहे. वऱ्हाडाबरोबर तुमच्या विहिरीच्या पाण्याची पिंपं ट्रॅक्टरवर आणा. तेही उकळून. विसण घालू नका.

दुसरा ता. क. पत्र तुमच्या भाचेसुनेला, पार्वतीला वाचून दाखवलं. ती म्हणते, "कागद पांढराफेक हाय. आरशात बघा जरा." मामा, देवकाला आमच्या जागी तुम्ही आणि मामींनी बसायचं, नाही म्हणू नका. पोपटही त्याच माठातलं पितो. उद्या आम्हा दोघा भावांचं रक्त तपासायचं आहे. शुक्रवारी कळेल, शनिवारची हळद वरून लावायची, की आतून लागलेलीच आहे.