साडेसहाचं उड्डाण

इंदिरानगर, नाशिक
दि. ५ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
ललिताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

सोबत राखी पाठवते आहे. नातीकडून बांधून घे. गेल्या वर्षीसारखी औषधाच्या डब्यात ठेवून विसरू नकोस.

पत्र लांबलं तर कंटाळू नकोस. रेल्वे इंजिनाच्या धडधडीत तुझे कान गेले, त्यामुळे फोनवर तुझ्याशी ओरडूनच बोलावं लागतं, आणि हे बोलणं शेजारच्या खोलीत ह्यांना ऐकू जायला नको.

ह्यांचं रॉकेटवेड तुला ठाऊक आहे. चौतीस वर्षं भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर आपल्यासारखेच दहा-बारा वेडे गोळा करून मंडळ काढलं. अमेरिकेतून रॉकेट सुटणार असलं की सगळे आमच्या हॉलमध्ये जमून टीव्हीवर थेट बघतात. उड्डाणापेक्षा त्यांचा जीव त्या बूस्टरमध्ये, म्हणजे रॉकेटला वर ढकलून सुटणाऱ्या खालच्या भागात. तो परत येऊन समुद्रातल्या तराफ्यावर उभा राहतो. ती आठ मिनिटं कोणी चिवड्याला हातसुद्धा लावत नाही. तिकडच्या वेळेवरून आपली वेळ काढून सगळ्यांना कळवायचं काम ह्यांचं. नऊ वर्षांत एकदाही चुकले नाहीत, त्यामुळे कोणी पडताळून बघत नाही.

परवा रविवारी ह्यांनी संध्याकाळी साडेसहाची वेळ कळवली होती. दुपारी पल्लवीचा फोन आला. ही मंडळातली, बँकेत नोकरी करते. म्हणाली की उड्डाण सकाळी साडेसहालाच झालं, बूस्टरही नीट उतरला. ह्यांनी सकाळची संध्याकाळ केली होती. एरवी मी हसले असते, पण मला स्कूटरचं आठवलं. गेल्या महिन्यात हे स्कूटर भाजीबाजारात ठेवून रिक्षाने घरी आले आणि स्कूटर चोरीला गेली म्हणून पोलीस चौकीत जायला निघाले होते. आपल्याच कॉलनीत दोनदा वळण चुकले, ते मी तुला कळवलंच नव्हतं.

पल्लवी म्हणाली, काका खचतील, त्यापेक्षा आम्ही ठरल्या वेळी येतो आणि रेकॉर्डिंग लावून थेट आहे असंच दाखवतो. मी हो म्हटलं. चार्जिंगचं निमित्त करून ह्यांचा मोबाइल आत ठेवला. बारा जण आले, उलटी मोजणी सगळ्यांनी मोठ्याने केली, बूस्टर उतरल्यावर टाळ्या पडल्या. ह्यांनीही वाजवल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

लग्नाला अडतीस वर्षं झाली, दादा, मी ह्यांना कधी फसवलं नव्हतं. आता खरं सांगू की नको, ते तू कळव. वहिनींना नमस्कार. माझ्यावर माया आहेच, या दिवसांत जरा जास्त असू दे.

तुझी
ललिता


मनमाड
दि. ११ ऑगस्ट २०२५

सौ. ललितास,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

राखी आणि पत्र दोन्ही पोचलं. राखी अजून मनगटावर आहे, वहिनी साक्षीला आहे.

गोविंदरावांच्या बूस्टरची मी नेहमी थट्टा करतो. आमची मागून ढकलणारी इंजिनंही गाडी घाट चढवून इगतपुरीला सुटायची आणि कसाऱ्याला परत जायची, त्याला कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण तुझं पत्र वाचून थट्टा सुचेना. दोन दिवस खिशात घेऊन फिरलो.

माझं ऐकशील तर सांगू नकोस. आपल्या आप्पांचं दुखणं आठव. डॉक्टरांनी सांगितलं ते आपण त्यांना सरळ सांगून टाकलं. चालता-बोलता माणूस, त्या दिवसापासून अंथरुणाला खिळला. सांगायचा आग्रह माझा होता, ते मला अजून खातं. गोविंदरावांच्या बाबतीत तसं नको व्हायला.

मात्र डॉक्टरांना दाखव, टाळू नकोस. तुझंच काहीतरी दुखणं पुढे कर आणि त्यांना सोबत ने. डॉक्टरांना आधी कल्पना दिलीस की ते बघून घेतील. तारीख कळव, मी सकाळच्या गाडीने येतो. त्या मुलांनी केलं ते चांगलंच केलं, त्यांना बोल लावू नकोस.

जेवणखाण सांभाळ. आशीर्वाद सदैव आहेतच.

तुझा
दादा


इंदिरानगर, नाशिक
दि. १७ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे केलं. मेंदूच्या डॉक्टरांची सोमवार, २५ तारखेची वेळ घेतली आहे. ह्यांना सांगितलं की माझा गुडघा दाखवायचा आहे. त्यासाठी चार दिवस घरात लंगडते आहे. परवा तर चुकून दुसऱ्याच पायाने लंगडले. ह्यांनी पाहिलं, पण काही म्हणाले नाहीत.

हे काही न म्हणणंच मला सहन होत नाही. मंडळाची पुढची वेळ आता मंडळातलाच संघर्ष काढतो. हा अंबडच्या कारखान्यात इंजिनीअर आहे, मनाने फार चांगला. तो ह्यांना वेळ कळवतो आणि ती सगळ्यांना ह्यांच्याच नावाने जाते. ह्यांनी एका शब्दाने विचारलं नाही की माझं काम तू का करतोस. नुसती मान हलवली. पूर्वीचे हे असते तर तासभर भांडले असते.

काल जेवताना ह्यांनी विचारलं की त्या रविवारी तुला कसं वाटलं. मी म्हटलं, छान झालं. त्यावर माझ्याकडे पाहिलं आणि भात मागितला. खोटं बोलणं मला जमत नाही रे. एकाला झाकायला दुसरं बोलावं लागतं आणि हे समोर शांत बसलेले असतात. तू नक्की ये.

तुझ्या येण्याकडे डोळे लावून,
ललिता


इंदिरानगर, नाशिक
दि. २० ऑगस्ट २०२५

श्री. धनराजराव यांस,
गोविंदचा स. न. वि. वि.

माझं पत्र बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. ललिताच्या माघारी तुम्हाला, तिच्या दादालाच, लिहितो आहे, तेही तिच्याबद्दल.

ती मला सोमवारी तिच्या गुडघ्यासाठी नेणार आहे. गुरुवारी ती उजव्या पायाने लंगडत होती आणि शुक्रवारी डाव्या. डॉक्टरांचं नाव मी विचारून घेतलं. गुडघ्यासाठी मेंदूच्या डॉक्टरांकडे कोणी जात नाही.

त्या रविवारचंही मला कळलं होतं. टीव्हीवर पहिलं चित्र आलं तेव्हा तिकडे काळोख होता, दिवे लागलेले होते. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा फ्लोरिडात सकाळचे नऊ झालेले असतात, लख्ख ऊन असतं. पृथ्वीचा गोल फिरवून मी जन्मभर मुलांना हेच शिकवलं. बोटांवर पुन्हा मोजलं आणि चूक माझी आहे, उड्डाण सकाळीच होऊन गेलं आहे, हे लक्षात आलं. मग मी सगळ्यांकडे पाहिलं. बूस्टर खाली येताना संघर्ष दर वेळी उशी पोटाशी आवळून बसतो, पल्लवी डोळे झाकून घेते. त्या दिवशी तिने डोळे झाकले नाहीत. कोणालाच धाकधूक नव्हती, सगळे माझ्याकडेच बघत होते. इतकी माणसं माझ्यासाठी नाटक करत होती, म्हणून मीही टाळ्या वाजवल्या. खोलीत घाबरलेला मी एकटाच होतो.

त्यांचा राग नाही. पण तेव्हापासून ललिता काहीही बोलली, साधं दूध आलं म्हणाली, तरी ते खरं की मला जपण्यासाठी, असा प्रश्न पडतो. विसरण्यापेक्षा हे मला जड जातं. तिला समोर बसून सांगायला गेलो तर ती रडेल आणि मला शब्द सापडणार नाहीत. शब्द न सापडणं हेही अलीकडचंच. म्हणून हे तुमच्याकडे.

सोमवारी मी स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या दुखण्यासाठी येईन. ललिताला तुम्ही तसं सांगा. डॉक्टर जे म्हणतील ते माझ्यासमोर म्हणू द्या, मला बाहेर बसवू नका. तुमच्या वडिलांचं, आप्पांचं, मला माहीत आहे. मी अंथरूण धरीन की नाही ते आज सांगता येणार नाही, पण ते ठरवायचं मला असू द्या.

पुढे असा दिवस येईल की संध्याकाळी साडेसहाला तिकडचा काळोख दिसेल आणि मला त्यात काही वावगं वाटणार नाही. त्या दिवसापासून मला खुशाल फसवा. तोवर नको.

आपला स्नेह आजवर आहे तसाच राहो, ही विनंती.

आपला
गोविंद