बाबूरावांचं लॉगिन

३ मार्च, सोमवार
झालं एकदाचं! आजपासून इंदूर, नैरोबी, हॅम्बुर्ग — सगळी ऑफिसं एकाच सिस्टीमवर. इथे इंदूरच्या स्टोअरमध्ये रबरी रिंग हलली की जर्मनीत आकडा बदलतो. मॅनेजर अनीश सरांनी पोहे-जलेबी मागवली, सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. पुण्याहून येऊन आठ महिने झाले, आज पहिल्यांदा मिरवले.

जुना स्टॉक चढवायचा अधिकार फक्त स्टोअरकीपर बाबूरावांच्या लॉगिनला. एकतीस वर्षं इथेच आहेत ते. थोड्या नोंदी माझ्याकडून शिकता शिकता त्यांनी केल्या, पण शनिवारी साडूच्या तेराव्याला देवासला गेले आणि जाताना पासवर्ड चिठ्ठीवर देऊन गेले. "बाकी तू कर बेटा, मेरे को टाइम लगता है." त्यांच्या वहीवरून उरलेलं सगळं मीच चढवलं. इथे सगळेच असं करतात.

१९ मार्च
नैरोबीवाल्यांनी स्क्रीनवर रिंगांचे बाराशे डबे बघितले आणि गिऱ्हाइकाला शब्द दिला. आपल्याकडे आहेत बाराशे नग! म्हणजे जेमतेम चोवीस डबे. ऑर्डर गेली, गिऱ्हाईकही गेलं.

जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमध्ये जाऊन वही उघडली. बाबूरावांच्या सुबक अक्षरात स्वच्छ ‘नग’. घाईत ‘डबे’ मी निवडलं. वही मिटली, जागेवर येऊन बसले.

२१ मार्च
चौकशी. हॅम्बुर्गच्या बाई व्हिडिओवर. अनीश सरांनी नोंद उघडली, पुढे नाव — बाबूराव. बाबूराव स्क्रीनजवळ गेले, नोंद पुन्हा वाचली.

"याद तो नहीं आ रहा, साहब. पण मशीनमध्ये माझं नाव आहे, म्हणजे मीच केलं असणार."

मी दोन खुर्च्या सोडून बसले होते. काय केलं? पाणी प्यायले!

२२ मार्च
नाही बोलले.

२८ मार्च
बाबूरावांनी राजीनामा दिला. कुणी मागितला नव्हता. शाल, नारळ, फोटो. नारळ माझ्याच हातून दिला. मला म्हणाले, तू शिकवलं बराबर होतं बेटा, माझ्याच डोक्यात राहिलं नाही. कुठे तोंड लपवू!

४ एप्रिल
अनीश सरांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. फाईल बंद झालीये, म्हणाले, आता उकरून कुणाचं भलं होणार? तुझं प्रमोशनसाठी नाव गेलंय वर. मी मान डोलावली. डोलावली! इथे तरी खोटं लिहिणार नाही. शी.

१० एप्रिल
जेवण जात नाही. आई फोनवर म्हणाली, बरं नाहीये का? बरी आहे म्हटलं. आता खोटंही सहज जमतं.

१३ एप्रिल, रविवार
शहराबाहेर राऊला बाबूरावांच्या घरी गेले. दारातच उषाकाकू हळू आवाजात म्हणाल्या, हे स्कूटरला हात लावत नाहीत, नातीचं गणित घेत नाहीत. आपल्याला विसरायला होतंय, हेच धरून बसलेत. उद्या डोक्याचा फोटो काढायचाय.

मी बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते रागावतील, हाकलतील, अशी तयारी करूनच गेले होते.

ते उठले. माझ्याकडे बघितलंही नाही.

"उषा, ऐकलंस का? मेरे को कुछ नहीं हुआ."