चावडीवर झालेला माझा जन्म

मोत्लोपेंग, बोट्स्वाना
चार ऑगस्ट

तीर्थस्वरूप बातुमेयोमामा यांना,

भाचा फॅनुएल याचा गुडघे टेकून, हलक्या टाळ्या वाजवत नमस्कार. (पत्रातून टाळ्या ऐकू येत नाहीत, पण तुम्ही त्या मोजता हे ठाऊक असल्यामुळे लिहून ठेवतो. तीन वेळा वाजवल्या.) आपल्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे? मामींचा खोकला? कोंबड्यांवर यंदा रोग आला नसेल अशी आशा आहे. मागे बसने पाठवलेली सुकी मासळी पोचली. ती पोचल्याचं आमच्याआधी अख्ख्या बस थांब्याला कळलं होतं. इथे आम्ही सगळे सुखरूप आहोत. म्हणजे तुमची सून एनेलेसी ठीक आहे, लेक तादाला ठीक आहे, मी ठीक आहे, आणि एकवीस दिवसांनी आम्हा तिघांना हा देश सोडावा लागण्याची शक्यता आहे. बाकी क्षेम.

घाबरू नका. (तुम्ही घाबरणार नाही, पण अशा वेळी म्हणायची पद्धत आहे.) झालं असं की, मलावी सोडल्यापासून चौदा वर्षं मी इथे शिवणयंत्र चालवतो आहे, आणि चौदा वर्षं परवान्यामागे धावतो आहे. आधी तीन महिन्यांचा व्हिसा, मग त्याची मुदतवाढ, मग मुदतवाढीची मुदतवाढ, मग पाच वर्षांचा परवाना, मग पुन्हा पाच वर्षांचा. दर वेळी पोलिसांचा दाखला, शाळेचा दाखला, छातीचा फोटो. माझ्या फुप्फुसांचे सहा फोटो या सरकारने जपून ठेवले आहेत, तुमच्या घरी माझ्या चेहऱ्याचाही एक नसेल. यंदा तादाला शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसते आहे. पोरगी हुशार आहे, वर्गात पहिली दुसरी येते आणि माझ्या इथल्या बोलीला हसते. म्हटलं, आता एकदाचा कायमच्या वास्तव्याचा परवानाच काढावा, म्हणजे ती पेपर लिहीत असताना बापाला कुणी सीमेवर नेऊन सोडणार नाही. माणसाने सुखात असताना अर्ज करू नये, हे मला कुणी सांगितलं नाही.

तालुक्याच्या कचेरीत चार नंबरच्या खिडकीवर मा-सेबिना नावाच्या बाई बसतात. (इथे मानाने बाईला मा म्हणतात आणि पुरुषाला रा.) अत्यंत सभ्य बाई. इथे आधी नमस्कार, मग झोप कशी लागली याची चौकशी, आणि मग काम. चौकशी न करता कागद पुढे केलात तर कागद तिथेच राहतो आणि तुम्हीही. तर आमची दोघांची झोप चांगली लागल्याचं ठरल्यावर बाईंनी माझी फाइल चाळली आणि म्हणाल्या, सगळं आहे, फक्त गावप्रमुखाचं पत्र नाही. अर्जदार हा मूळचा परका असून इतकी वर्षं गावात राहतो व त्याची वागणूक चांगली आहे, एवढ्या तीन ओळी आणि शिक्का. मी हसत हसत बाहेर पडलो. तीन ओळी. गावप्रमुख सेबेगोंच्या तर पँटी मी शिवतो.

पण सेबेगो असे पत्र देत नाहीत. ते म्हणाले, एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर चावडीवर विचारावं लागतं. म्हणून शनिवारी चावडी भरली. (ज्याने त्याने आपापली खुर्ची घरून आणायची. मी दुकानातलं स्टूल नेलं आणि तिथेच माझं नशीब बुटकं झालं.) सेबेगोंनी प्रस्ताव वाचला. लोक माना डोलवत होते. तेवढ्यात तयार कपड्यांच्या दुकानाचा मालक रा-त्सेको उठला. मी गेलो तर लग्नसराईतलं सगळं गिऱ्हाईक त्याचं होणार, हे त्याला कळतं आणि मलाही. तो घसा खाकरून म्हणाला, "माझं एवढंच म्हणणं आहे, की हा माणूस परका आहे."

मामा, मला त्याला मिठी मारावीशी वाटली. माझ्या फॉर्मला हव्या असलेल्या शब्दांतला सर्वांत मोठा शब्द माझ्या वैऱ्याने फुकटात दिला होता. मी कारकुनाकडे पाहिलं, लिहितोयस ना बाबा? आणि चावडीचा अंदाजच मला आला नाही. शहरात आम्हा उत्तरेकडच्यांना उठता बसता परके म्हणून हिणवतात, पण चावडीवर, गावप्रमुखासमोर, एखाद्याच्या तोंडावर परका म्हणणं म्हणजे त्याच्या ताटात थुंकणं. सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या.

"लाज नाही वाटत? तुझ्या पोरीच्या लग्नाचे निळे झगे कुणी शिवले?"

"तुझा बाप गेला तेव्हा पहाटे फावडं कुणी धरलं होतं? तू तर पाठ दुखते म्हणून बसला होतास."

हे खरं आहे. चौदा वर्षांत या गावातली एकही माती मी चुकवलेली नाही. सुरुवातीला मातीनंतरच्या जेवणातल्या उकडून कुटलेल्या मांसासाठी जायचो, नंतर माणसांसाठी जायला लागलो. पण ही वेळ ते सांगायची नव्हती. मी उभा राहिलो आणि हात जोडून म्हणालो, की रा-त्सेको बरोबर बोलतायत, मी परकाच आहे, मलावीचा आहे, कृपा करून तसंच लिहा.

त्यावर मा-बोनोलो उठल्या. वय ऐंशीच्या पुढे, गावातल्या निम्म्या लोकांची सुईण. त्यांनी काठी माझ्याकडे रोखली. "बस खाली, पोरा. तुला काय कळतंय? तू तेव्हा तान्हा होतास."

मग म्हातारीने सविस्तर सांगितलं. दुष्काळाचं साल होतं, धान्याच्या कोठीमागे बाज टाकली होती, आणि मी उलटा येत होतो. तिने स्वतःच्या हातांनी मला बाहेर काढलं. रा-त्सेको काही बोलणार, तर तिने विचारलं, "तुलाही मीच काढलाय. सांगू कसा आलास ते?" तो बसला. तिच्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "होय, मला आठवतंय, शेळीही त्याच दिवशी व्यायली होती." मग आणखी चौघांना आठवलं. पाच मिनिटांत मी या मातीत जन्मलो, रांगलो, आणि एका गृहस्थाच्या गाढवावरून पडलो. इथली म्हण आहे की चावडीवर बोललेला प्रत्येक शब्द सुंदर असतो, त्यामुळे एकही शब्द खोडता येत नाही. कारकून प्रामाणिक होता. त्याने सगळं लिहिलं, शेळीसकट. सेबेगोंनी शिक्का मारला आणि पाणावल्या डोळ्यांनी कागद माझ्या हातात दिला.

मी तो कागद कचेरीत द्यायला नको होता, हे मला एनेलेसीने नंतर अकरा वेळा सांगितलं आहे. पण त्याच्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता, आणि मला वाटलं, एवढी पानं कोण वाचतं? मा-सेबिना वाचतात. झोपेची चौकशी झाल्यावर त्यांनी तीन पानं शांतपणे संपवली, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, "रा, तुम्ही इथेच जन्मलात तर परवाना कशाला मागताय?"

मी म्हणालो, नाही हो, मी मलावीचा आहे, हा पासपोर्ट बघा.

"तेच विचारतेय. इथे जन्मलेल्या माणसाने हा पासपोर्ट मिळवला कसा?"

म्हणजे बघा. कागद खरा मानला तर मी खोटा परदेशी. पासपोर्ट खरा मानला तर मी सरकारला खोटा कागद देणारा. दोन्हीकडून रस्ता सीमेवरच जातो. पासपोर्टात जन्मगाव लिहिलेलं असतं हे मी दाखवलं, तर म्हणाल्या, ते तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिलं असणार. जन्माचा दाखला आणा. आता आपल्या गावात तेव्हा दाखले कोण करत होतं? शेवटी बाईंनाच माझी दया आली. जन्मगावच्या गावप्रमुखाचं शिक्क्याचं पत्र आणि घरातल्या वडीलधाऱ्याची अंगठ्यासह साक्ष एकवीस दिवसांत आणली, तर चावडीचं पत्र हे "गावाचं प्रेम" म्हणून फाइलीला लावू, असं म्हणाल्या. वर माझ्या बायकोला नमस्कार सांगितला.

गावात परत येऊन मी सेबेगोंना विनवलं, कागद मागे घ्या. ते म्हणाले, बोललेलं गिळता येत नाही. मा-बोनोलो तर कचेरीत येऊन पुन्हा साक्ष द्यायला तयार आहेत. आता त्यांना माझं जन्माचं वजनही आठवू लागलं आहे. मी चिडून म्हणालो, आजी, तुम्ही मला बुडवलंत, खोटं कशाला बोललात? त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर तुला कुणी परका म्हणावं आणि मी गप्प बसावं, एवढी मी म्हातारी झालेली नाही." घरी आलो आणि खरं सांगतो मामा, रडलो. रागाने सुरू झालं होतं, पण रागाचं राहिलं नाही.

पत्र लांबलं. आपल्या तब्येतीला जपा. मामींना मध द्या. पत्र आपल्याकडे येणाऱ्या बसवाल्याजवळ देतो आहे, तो माणूस भरवशाचा आहे.

आपला आज्ञेतला भाचा,
फॅनुएल

ता. क. – तुमच्या लक्षात आलंच असेल, तो वडीलधारा म्हणजे तुम्ही. आपल्यात मूल आईच्या घरचं, आणि त्याची साक्ष मामाची. दुसऱ्या कुणाचा अंगठा चालत नाही. फक्त गावप्रमुखांकडे जाऊन एवढंच सांगायचं, की फॅनुएल आमचा, माझ्या बहिणीच्या पोटचा, इथेच जन्मला. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही त्यांच्याच ओट्यावर उभे राहून, "तो तिकडचाच झाला, आमचा राहिला नाही, त्याचा इथे वाटा नाही," असं सांगितलंत आणि आईचा नदीकाठचा मळा टोमॅटोवाल्याला लावून दिलात. मला सगळं कळलं होतं. पत्रात कधी काढलं नाही, कारण तुम्ही मोठे.

ता. क. दुसरा – आता तुम्ही म्हणाल, भाचा आमचा असं लिहिलं तर मळाही त्याचाच होईल. त्याची काळजी नको. मळ्यावर माझा काही हक्क नाही, असा सहीचा कागद सोबत ठेवला आहे. तुम्ही मळा ठेवा, मला फक्त जन्म द्या.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवण्याआधी एनेलेसीने पत्र वाचलं आणि तो कागद चुलीत घातला. तेव्हा पाकिटात तो शोधू नका, बसवाल्यावर आळ घेऊ नका. ती म्हणते, जिथे हा जन्मला नाही, तिथली ऐंशी वर्षांची बाई याच्यासाठी काहीही न मागता खोटं बोलली. जिथे जन्मला, तिथे याच्या सख्ख्या मामाला खरं बोलायला मळा द्यायचा का? मी तिला म्हणालो, मोठ्यांना असं लिहू नये. ती म्हणाली, मग मी लिहिलं म्हणून लिही. तर हे तिने लिहिलं आहे, मामा. आणि मी खोडलेलं नाही.