शंट्या जेवत नाही

रविवार, ५ जानेवारी

एकशे बारा फॉर्म एक्सेलमध्ये भरून झाले. मान दुखतेय.

मोनाली म्हणते, "तू कंपनीत परत आलेल्या मालाचंच बघतेस ना? मग हाही परत आलेलाच माल." शिरूरजवळ न्हावरा रस्त्यावर पत्र्याच्या दोन शेडमध्ये ती सोडून दिलेली कुत्री-मांजरं सांभाळते. तिला मदत देणाऱ्या ट्रस्टनं विचारलंय – लोक पाळलेले प्राणी का सोडतात? कारणं द्या, टक्केवारीसह. मी रांजणगावला क्वालिटीत आहे. ब्रेकचे पार्ट का परत येतात ते शोधते. फरक एवढाच, की पार्ट परत येताना शेपूट हलवत नाहीत.

"कारण" हा रकाना वाचण्यासारखा आहे. एकतीस जणांनी लिहिलंय, कुत्रं भुंकतं. एकानं लिहिलंय, भुंकत नाही – चोर आले तर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलं! एका घराला नवीन रंग दिला म्हणून बोका गेला. एका ठिकाणी मुलगी बारावीला आहे. आणि एक – "पिल्लू होतं तेव्हा लहान होतं." याला मी कुठला कोड टाकू?

मोनालीला वाटतं मला प्राणी आवडतात. मला भरलेले रकाने आवडतात.

रविवार, १२ जानेवारी

आज समोरच एक परत आला. दौंडहून. मालगाडीचे निवृत्त गार्ड, रखमाजी आप्पा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, जीपवाल्याला पत्ता स्वतः सांगत आलेले. सोबत तांबूस गावठी कुत्रा, नऊ वर्षांचा. नाव शंट्या. "सारखा पुढं-मागं, पुढं-मागं करायचा लहानपणी. शंटिंगच्या इंजिनासारखा."

कारण: रेल्वे क्वार्टर सोडलं.

चला, एक तरी समजण्यासारखं कारण. कोड टाकला – "घर बदल".

सही करून निघाले, फाटकापाशी थांबले, परत आले. "फॉर्म भरला का मी?" भरला, आप्पा. शंट्याकडे मात्र वळून बघितलं नाही. तोही ओरडला नाही. बसून राहिला.

सोमवार, १३ जानेवारी

मोनालीचा फोन. शंट्यानं काल रात्रीचं खाल्लं नाही, सकाळचंही नाही.

फॉर्मवरचा नंबर लावायला घेतला. नऊच आकडे! नंबरासाठी दहा चौकटी छापायला हव्यात असं मी डिसेंबरातच सांगितलं होतं.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. दगडोबा मामांनी घरून गुळाची पोळी आणली, वर तूप. मामा शेल्टरवर असतात. कुत्र्यांशी अहो-जाहो करतात, माणसांशी नाही. "घ्या साहेब, गोड बोला." साहेबांनी पोळीकडे बघितलं. लाळ टपटप गळत होती. पण तोंड लावलं नाही.

"आजारी न्हाई हे. भूक हाय. पन खाईना! अशी नवरीबी म्या बघितली न्हाई."

मी निरीक्षणं लिहून घेतली. पाणी पितो. ताटासमोर बसतो, पाठ सरळ. आणि ताटाकडे बघतच नाही – देणाऱ्याच्या उजव्या हाताकडे बघतो. हात रिकामा दाखवला. तरी बघतो.

बुधवार, १५ जानेवारी

डॉक्टर सलाइन लावून गेले. रिपोर्ट चांगले. "मनाला लावून घेतलंय," म्हणाले. हे काही निदान नाही.

पहिली शिफ्ट संपवून चाचण्या घेतल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ताट स्टीलचं, ताट मातीचं. भाकरी, चिकन, दूध. शेडमध्ये, बाहेर. मोनालीच्या हातून, मामांच्या, माझ्या. सगळीकडे शून्य.

मग मामा म्हणाले, "त्याला आगीनगाडीची सवय आसंल. आपल्या शिरूरला कुठली आलीय गाडी? कान सुनं झालं आसतील त्याचं." म्हटलं, हेही बघू. मोबाइलवर इंजिनाचा हॉर्न शोधला, स्पीकर जोडला, आवाज पूर्ण. चाळीस कुत्री एकदम बोंबलली! शेजारच्या रानातली म्हैस दावं तोडून पळाली; तिला धरताना माझं जॅकेट शेणात माखलं. तिचा मालक बांधावरून जे बोलला ते इथे लिहीत नाही.

शंट्या मात्र उभा राहिला. फाटकाकडे बघितलं. मग खाली बसून पुन्हा माझा उजवा हात.

हॉर्नला प्रतिसाद आहे. म्हणजे दिशा बरोबर. काहीतरी अजून कमी आहे.

मोनाली रडत होती. चौथा दिवस. मी तिला टिश्यू दिला आणि दौंडचा पत्ता मागितला.

गुरुवार, १६ जानेवारी

शिफ्टनंतर गाडी काढली. उसाच्या ट्रॅक्टरांमागून दौंडला पोचायला पावणेदोन तास! रेल्वे कॉलनीत विचारलं तर तिसऱ्याच माणसानं बोट दाखवलं. कॉलनीच्या मागेच दोन खोल्या घेतल्यात.

आप्पा दारातच होते. ओळखलं नाही लगेच. शंट्याचं नाव घेतल्यावर चेहरा उजळला.

"जेवत नाही म्हणजे? झेंडी दाखवली का?"

"कसली झेंडी?"

"हिरवी! झेंडीशिवाय कसा जेवल तो? गाडी हलती का झेंडीशिवाय?"

पिल्लू असल्यापासूनची शिस्त. ताट ठेवायचं, मागं सरायचं, उजव्या हातानं हिरवी झेंडी दाखवायची – मग जेवण. नऊ वर्षं. घरात गार्ड साहेबांची पंगत ही अशी!

"पण आप्पा, हे आम्हाला सांगितलं नाहीत."

"सांगितलं की. झेंडीबी दिली न्हवं तुम्हाला." असं म्हणत शर्टाच्या खिशाला हात लावला. झेंडी तिथेच होती. चार घड्या घातलेली.

ते खिशाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी म्हटलं, होतं असं. आत त्यांच्या बायकोनं, तुळजाकाकूंनी, हातातलं भांडं जरा जोरात ठेवलं.

झेंडी घेऊन, चहा न घेता निघाले. परतताना एवढंच मनात – ९६ तास.

शुक्रवार, १७ जानेवारी

काल पोचताच ताट ठेवलं. मागं सरले. उजवा हात वर केला, झेंडी दाखवली.

दोन भाकऱ्या, चौदा सेकंद.

मामांनी मला कडक सलाम ठोकला. मोनालीनं मिठी मारली. मी म्हटलं, माझ्या जॅकेटला हॉर्नच्या दिवसाचं शेण आहे. तरी सोडलं नाही.

रात्री आठवलं, ते आत्ता लिहिते. दौंडच्या त्या घरापुढे अंगण आहे. पेरूच्या झाडाला रिकामी साखळी होती. आणि शेजारच्या ओट्यावर घरमालकाची दोन कुत्री झोपलेली. मग "क्वार्टर सोडलं" हे कारण कसलं? त्या घरात कुत्रा ठेवायला काहीच अडचण नाही.

कोड चुकलाय.

रविवार, १९ जानेवारी

पुन्हा दौंड. मोनालीला म्हटलं, फॉर्म दुरुस्त करायला चाललेय. ती म्हणाली, "हो का? एका फॉर्मसाठी जाऊन-येऊन एकशे दहा किलोमीटर?" मी गाडीची किल्ली उचलली.

आमच्याकडे पद्धत आहे – पाच वेळा "का" विचारायचं. पहिलं उत्तर कधीच खरं नसतं. पण आप्पांना मला पहिला "का" सुद्धा विचारता येईना. ते जुने किस्से सांगत होते – पाटसच्या अलीकडे रुळावर बसून राहिलेला रेडा, ड्रायव्हर हॉर्न देतोय, रेडा रवंथ करतोय. हसून डोळ्यांत पाणी आलं. दहा मिनिटांनी तोच रेडा पुन्हा आला. मी पुन्हा हसले.

मग त्यांना पेरू काढायला अंगणात पाठवून तुळजाकाकूंनीच सांगितलं. डिसेंबरात त्या बहिणीकडे पाटसला गेल्या होत्या, दीड दिवस. परत आल्या तर शंट्या अंगणात ताठ बसलेला. समोर ताट भरलेलं. भाकरी वाळून खडंग, वर मुंग्या. आप्पांनी ताट ठेवलं होतं आणि झेंडी दाखवायची विसरले होते.

"दीड दिस, पोरी. शिवलं न्हाई ते अन्नाला. ह्यांनी बघितलं आन् मटकन खाली बसलं. छत्तीस वर्सं ड्युटी केली, एक सिग्नल चुकला न्हाई. म्हनलं, आता मुक्या जिवाचा जीव घेऊ का मी? त्यांनीच ठरीवलं, नेऊन सोडायचा. डॉक्टरानं गोळ्या दिल्यात. पन विसरत्यात. रोज थोडं जास्ती."

एवढ्यात आप्पा पेरू घेऊन आले. "शंट्या कुठं गेला गं?" त्यांनी विचारलं.

काकू म्हणाल्या, "शिरूरला. पाव्हना म्हनून गेलाय."

नऊ आकडी नंबर. "फॉर्म भरला का मी?" खिशातली झेंडी. तिन्ही गोष्टी माझ्यासमोर घडल्या, आणि मी चौकटी छापायला सांगत होते!

मंगळवार, २१ जानेवारी

एकशे बारा फॉर्मपैकी किती जणांना आपण दुसरा "का" विचारला? शून्य. बारावीच्या मुलीच्या घरी फोन केला. मुलीला दमा आहे. बाईंना ते लिहायचं नव्हतं – "स्थळं बघायला लागलोय ना तिला."

रंग दिलेल्या घरी केला. तिथे मात्र खरंच रंगच दिलाय. असो!

शुक्रवार, २४ जानेवारी

माणूस विसरतो हा दोष दुरुस्त होणार नाही. मान्य. पण विसरला तरी चूक होऊ नये अशी सोय करता येते. रोज कंपनीत दुसरं काय करते मी?

अशी: भाकरीच्या डब्याच्या झाकणालाच झेंडी बांधायची. झाकण उघडलं की झेंडी हातात आलीच. झेंडीला दोन बाजू – एक हिरवी, एक लाल. ताट ठेवलं, हिरवी दाखवली, शंट्या जेवला, की लाल बाजू वर करून झाकण बंद. लाल दिसली म्हणजे जेवण झालं, डबा उघडायचा नाही. पहाटे आणि संध्याकाळी काकूंनी हिरवी बाजू वर करायची. एवढं एकच काम त्यांच्याकडे.

मामांनी ऐकून घेतलं. "म्हंजी मॅडम, आठवन डब्यानं ठिवायची." बरोबर. मी तीन पानं लिहिली होती.

रविवार, २ फेब्रुवारी

डबा, झेंडी आणि शंट्या घेऊन सगळे दौंडला. मोनालीच्या जीपमध्ये तो माझ्या मांडीवर बसला. जागा नव्हती म्हणून.

कॉलनी दिसली आणि पुढं-मागं, पुढं-मागं सुरू झालं! आप्पा अंगणात उभे. खाली बसले, त्यानं त्यांचं सगळं तोंड चाटलं, चष्मा पडला.

चाचणी घेतली. आप्पांनी डबा उघडला, झेंडी हातात आली, हात आपोआप वर गेला. खांदा, कोपर, मनगट – एका रेषेत. जे डोक्यातून गेलंय ते हातातून गेलेलं नाही. हे मी ड्रॉइंगमध्ये धरलं नव्हतं.

परत नेण्याच्या फॉर्मवरही "कारण" हा रकाना आहे. आप्पांनी लिहिलं – "लाइन क्लिअर". खाली सही. नंबराच्या दहाच्या दहा चौकटी काकूंनी भरल्या.

घरी आले. ड्रेसभर तांबूस केस. अजून झटकले नाहीत.

रविवार, ९ फेब्रुवारी

काकूंचा फोन: सात दिवस, चौदा जेवणं, एकही चूक नाही. शंट्याचं पोट सुटलंय.

ट्रस्टला अहवाल गेला. टक्केवारी दिली. शेवटी एक ओळ घातली – सोडण्याचं कारण विचारू नका, काय असतं तर सोडलं नसतं ते विचारा. मोनाली म्हणाली, "हे तू लिहिलंस?" टायपिंग माझंच आहे, म्हटलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सकाळी काकूंचा फोन. अजून एक झेंडी शिवून दे म्हणाल्या. मी म्हटलं, फाटली का शंट्याची?

"त्याची न्हाई गं. ह्यांची. काल ताट वाढलं तर नुसतं पुढं बसून ऱ्हायलं. माझ्या हाताकडं बघत. म्हनलं, बघावं तर खरं – हिरवी दाखवली. तवा घास घेतला." हसत होत्या. हसता हसता थांबल्या.

मी साइज विचारली.